वाचक विचारतात: ओटीवरचे इंटरनेट माडीवर का पोहोचत नाही?

फायबर कनेक्शन घेतलेल्या वाचकांची पत्रे या वेळी इतकी आली की सदराची सगळी जागा त्यांनाच द्यावी लागली. गावे निरनिराळी असली तरी तक्रार बहुतेक एकच आहे: पैसे दीडशे-तीनशे एमबीपीएसचे भरतो, आतल्या खोलीत मात्र वीस-पंचवीसच मिळतात, मग मेश घ्यावे का, आणि घेतले असेल तर ते चालत का नाही? उत्तरांआधी शब्दांचा थोडा खुलासा करणे बरे. रस्त्यावरून येणारी काचेची तार ज्या डब्यात शिरते त्याला ओएनटी म्हणतात. बोलताना सगळेच त्याला मोडेम म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही. बहुतेक घरांत याच डब्यात राउटर आणि वायफायही असते. मेश म्हणजे दोन किंवा अधिक वायफाय डब्यांचा असा संच, जो एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने घरभर चालतो. त्यातला एक मुख्य डबा आणि बाकीचे नोड. मुख्य डबा आणि नोड यांना जोडणाऱ्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात, आणि या वेळच्या निम्म्या पत्रांचे उत्तर त्या एका दुव्यात आहे.

प्रश्न: आमचे घर जांभ्या चिऱ्याचे, जुने आणि कौलारू आहे, मागील बाजूस स्लॅब टाकून माडी नंतर चढवली. फायबरचा डबा ओटीवर आहे. योजना १५० एमबीपीएसची असून ओटीवर मोबाइलवर १४० पर्यंत वेग दिसतो. मुलगा मुंबईतल्या कंपनीचे काम माडीवरच्या खोलीतून करतो. तेथे वायफाय पोहोचतच नसे, म्हणून दोन डब्यांचा मेश संच घेतला. एक ओटीवर ठेवला, दुसरा मुलाच्या टेबलावर. आता मोबाइलवर पट्ट्या पूर्ण दिसतात, पण वेग २० ते २५ च्या वर जात नाही आणि मीटिंगमध्ये आवाज तुटतो. पावसात तर अधिकच. हा संच परत करून तीन डब्यांचा घ्यावा का? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर: तिसरा डबा घेण्याची घाई करू नये. आपल्या पत्रातच निदान दडलेले आहे: पट्ट्या पूर्ण आणि वेग कमी. मोबाइलवर दिसणाऱ्या पट्ट्या या मोबाइल आणि टेबलावरचा नोड यांच्यापुरत्या असतात, आणि त्या दोहोंतले अंतर हातभर आहे; त्या नोडला ओटीवरच्या डब्याचे कितपत ऐकू येते हे त्या पट्ट्या सांगत नाहीत. आपण नोड जेथे वायफाय पोहोचत नव्हते नेमका तेथेच ठेवला आहे. म्हणजे ज्याला स्वतःलाच धड ऐकू येत नाही अशा माणसाला निरोप्या नेमल्यासारखे झाले. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती न केलेले घर मला क्वचितच आढळते, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे: दिवा जेथे उजेड हवा तेथे लावायचा असतो, म्हणून नोडही तेथेच लावायचा असे वाटते. परंतु नोड दिव्यासारखा नसतो. त्याला आधी स्वतःला पुरेसे मिळावे लागते, मगच तो पुढे देतो.

आता चिऱ्याविषयी. घरातले वायफाय सहसा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरपट्ट्यांवर चालते. आपण ज्या वेगावर समाधानी आहात तो ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर मिळतो, आणि हा पट्टा भिंतींना फार लवकर हार जातो. चिऱ्याची भिंत नऊ इंच किंवा त्याहूनही जाड असते, चिरा सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो. पाणी हा रेडिओ लहरींचा मोठा शत्रू असल्यामुळे ‘पावसात अधिकच’ हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दोन-तीन भिंती आणि वर सळयांनी विणलेला स्लॅब, एवढ्यातून तिरके जाताना लहरींत फारसे काही शिल्लक राहत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून अधिक चांगला जातो, पण त्याचा वेगच मुळात कमी. त्यात आपला संच या दोनच लहरपट्ट्यांचा असावा असे वाटते. अशा संचात नोड ज्या रेडिओने ओटीवरून माहिती घेतो त्याच रेडिओने ती मुलाच्या संगणकाला देतो, आणि एकाच वेळी ऐकणे व बोलणे त्याला जमत नाही; म्हणून ओटीवरून साठ आले तर पुढे तीसच जातात. तीन डबे एकामागून एक लावले असते तर तिसऱ्यापाशी त्याचेही अर्धे झाले असते. महागड्या तीन पट्ट्यांच्या संचांत या दुव्यासाठी वेगळा रेडिओ असतो व ही घट बरीच टळते. पण चिरा तोच, स्लॅबही तोच.

आवाज तुटण्याचे कारण मात्र वेग नाही. एका व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात आणि आपल्याकडे वीस आहेत. दुवा अशक्त असला की माहितीचे तुकडे वाटेत हरवतात, ते पुन्हा पाठवावे लागतात आणि त्यात वेळ जातो. चित्रपट पाहताना हे कळत नाही, कारण पुढचा भाग आधीच साठवलेला असतो. बोलण्यात तशी साठवण करता येत नाही, म्हणून शब्द तुटतात. हे पडताळण्याची एक बिनखर्चाची रीत आहे. मुलाने संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग असे लिहून त्यापुढे राउटरचा पत्ता द्यावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि पत्त्यापुढे वजाचे चिन्ह व टी हे इंग्रजी अक्षर लिहिले की मोजणी थांबवेपर्यंत चालू राहते. राउटरचे उत्तर पाच-दहा मिलिसेकंदांत सातत्याने येत असेल तर घरातला दुवा निर्दोष आहे आणि दोष बाहेरचा, म्हणजे कंपनीकडचा आहे. ते मधूनच दोनशे, पाचशे असे उसळत असेल किंवा येतच नसेल, तर कंपनीच्या तक्रार क्रमांकावर कितीही वेळ घालवला तरी उपयोग नाही. दोष आपल्याच घरात आहे. आपल्या घरी दुसरा प्रकार दिसेल असा माझा अंदाज आहे.

उपाय तीन आहेत आणि ते ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने करून पाहावेत. पहिला फुकट आहे. नोड टेबलावरून उचलून जिन्याच्या वरच्या तोंडाशी ठेवावा. जिन्याच्या पोकळीत स्लॅब नसतो आणि लहरींना तेवढीच वाट मोकळी मिळते. मोबाइलमध्ये वायफायची ताकद आकड्यांत दाखवणारे एखादे अॅप घ्यावे, मेश काही वेळ बंद करून ओटीवरच्या डब्याचेच वायफाय चालू ठेवावे आणि जेथे त्याची ताकद उणे ६० ते उणे ६५ डीबीएम दिसते ती जागा शोधावी. नोडची जागा तीच. आकडा उणे असल्यामुळे ६० पेक्षा ७५ वाईट, हे लक्षात असू द्यावे. नोड लोखंडी कपाटाच्या मागे, आरशाशेजारी किंवा धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर ठेवू नये.

दुसरा उपाय म्हणजे ओएनटीच हलवणे. फायबर ओटीवर आले ते केवळ तेथवर तार आणणे कंपनीच्या मुलाला सोयीचे होते म्हणून. थोडे पैसे देऊन तोच डबा माजघरात, घराच्या मध्याशी नेता येतो. हे काम स्वतः करू नये. काचेची तार घट्ट वळवली की प्रकाश तिच्यातून निसटतो. वळण तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळू नये असा सर्वसाधारण संकेत आहे, आणि खिळ्याला गुंडाळलेली तार हे मंद इंटरनेटचे एक नेहमीचे पण दुर्लक्षित कारण आहे. ओएनटीत खोचलेले हिरवे टोक तिरके घासलेले असते, त्याला निळे टोक जुळत नाही. तारेच्या उघड्या टोकात डोकावून तर मुळीच पाहू नये; त्यातला लेझर प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो अधिक धोक्याचा.

तिसरा उपाय मला सर्वांत पसंत आहे: ओटीवरचा डबा आणि माडीवरचा नोड यांच्यामध्ये इथरनेट केबल टाकावी. एवढे केले की आपला सध्याचाच संच उत्तम ठरेल, नोड मुलाच्या टेबलावरच राहील, आणि तीन डब्यांच्या संचाच्या किमतीच्या मानाने खर्च किरकोळ असेल. केबल कॅट-६ प्रकारची, पूर्ण तांब्याची घ्यावी. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल फार मिळते; हातात वेटोळे हलके लागले तर संशय घ्यावा. लांबीची मर्यादा १०० मीटर आहे, आपल्याला वीस-पंचवीस पुरतील. केबल बाहेरून वळचणीखालून न्यायची असेल तर उन्हापावसासाठीची काळ्या आवरणाची मागावी, कारण घरातली पांढरी केबल दोन उन्हाळ्यांत तडकते. विजेच्या तारांच्या पाइपातून ती नेऊ नये, वेगळा पाइप लावावा. उंदरांसाठीही तो लागतोच. जोडल्यावर मेशच्या अॅपमध्ये त्या नोडपुढे ‘वायर्ड’ किंवा ‘इथरनेट’ असे दिसते ना, हे पाहून घ्यावे. दुकानात मेशच्या खोक्यावर वायर नको असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, आणि जाड भिंतींच्या घरांत ती जाहिरात सर्वांत जास्त दिशाभूल करते.

प्रश्न: आमचा दोन खोल्या, हॉल व स्वयंपाकघर असा साडेसातशे चौरस फुटांचा फ्लॅट आहे. आतल्या बेडरूममध्ये रेंज कमी येते. दुकानदाराने तीन डब्यांचा मेश संच सुचवला आहे. तो घ्यावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: घेऊ नये. साडेसातशे चौरस फुटांना योग्य जागी ठेवलेला एक चांगला राउटर पुरतो. आपण डबा कोठे आहे हे लिहिलेले नाही, पण नव्या इमारतींत तो दारामागच्या चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीमागे दडवलेला असतो, असा अनुभव आहे. तो दिसायला नको ही गृहिणींची व सजावटकारांची इच्छा रास्त असली, तरी टीव्हीची पाठ म्हणजे धातूचा पत्राच असतो. डबा बाहेर काढून छातीएवढ्या किंवा त्याहून जास्त उंचीवर, शक्यतो हॉल आणि बेडरूम यांच्यामधल्या पॅसेजमध्ये आणावा आणि आठवडाभर पाहावे.

तीन डबे एवढ्याशा घरात लावल्यास उलट नुकसान होण्याचा संभव अधिक. बिनतारी दुव्याने जोडलेले डबे एकाच चॅनेलवर बोलतात आणि एक बोलत असताना बाकीच्यांना गप्प राहावे लागते. शिवाय मोबाइलला कोणाला धरावे हे कळेनासे होते. त्यात शेजार. आपल्या मोबाइलवर वायफायची यादी उघडली तर वीस-पंचवीस नावे सहज दिसतील. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११; त्यामुळे हा पट्टा सोसायटीत गर्दीने भरलेलाच असतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा पुष्कळ आहे, कारण भारत सरकारने २०१८ मध्ये त्यातला बराच मोठा भाग घरगुती वापरासाठी विनापरवाना खुला केला. म्हणून फोन, लॅपटॉप आणि टीव्ही ५ वर ठेवावेत आणि २.४ चा पट्टा दिवे, प्लग व जुन्या उपकरणांसाठी सोडावा. जुना राउटर चार-पाच वर्षांचा असेल तर वायफाय ६ चा एक नवा घ्यावा. एवढे करूनही बेडरूम कोरडीच राहिली तर दोन डब्यांचा संच, तोही केबलने जोडलेला, तीन नव्हेत.

प्रश्न: कंपनीच्या मोडेममध्ये वायफाय आहे, त्याला आम्ही नवा मेश संच जोडला. आता घरात दोन नावांची वायफाय दिसतात. मुलीच्या मोबाइलवरून प्रिंटर सापडत नाही, आणि दारावरचा कॅमेरा बाहेरगावाहून पूर्वीही दिसत नव्हता, आताही दिसत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आपल्या घरी सध्या एकाच वाड्याचे दोन कारभारी झाले आहेत. घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता देणे व बाहेरच्या जगाशी त्याच्या वतीने व्यवहार करणे हे राउटरचे काम. ते मोडेमही करतो आहे आणि मेशचा मुख्य डबाही. याला दुहेरी नॅट म्हणतात. साधे संकेतस्थळ पाहताना काही जाणवत नाही, म्हणून लोकांना वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. प्रिंटर मोडेमच्या वायफायवर आणि मोबाइल मेशवर असला की मोबाइलने ‘प्रिंटर आहे का’ म्हणून दिलेली हाक मेशच्या सीमेपलीकडे जातच नाही. दोन्ही डब्यांनी १९२.१६८.१ या एकाच मालिकेतले पत्ते वाटायला घेतले तर आणखी गोंधळ होतो, आणि कधी कधी इंटरनेटच बंद पडते.

कारभारी एकच ठेवावा. कोणता, हे ठरवण्यात दोन मार्ग आहेत. मोडेमला ब्रिज मोडमध्ये टाकले की तो केवळ प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा पूल उरतो आणि सगळा कारभार मेश पाहतो. हा मार्ग स्वच्छ आहे, पण त्यासाठी कंपनीकडून पीपीपीओईचे, म्हणजे तिच्या जाळ्यात लॉग-इन करण्याचे, वापरकर्ता नाव, पासवर्ड आणि लागत असल्यास व्हीलॅन क्रमांक घ्यावा लागतो. काही कंपन्या ब्रिज करू देत नाहीत. मोडेमला लँडलाइन फोन जोडलेला असेल तर ब्रिज केल्यावर तो चालू राहील का, हे आधी विचारून घ्यावे. घरात वयस्कर मंडळी असतील आणि फोन तोच असेल तर हा धोका पत्करू नये.

दुसरा मार्ग मेशला अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकण्याचा. बहुतेक संचांच्या अॅपमध्ये ही निवड एका बोटाच्या कामाची असते. मग पत्ते मोडेमच वाटतो आणि मेश फक्त ते घरभर पोहोचवते. यात काही संचांतल्या मुलांच्या वेळेवर बंधन घालणे, पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय अशा सोयी बंद होतात. आपल्याला त्यांची गरज नसेल तर मी हाच मार्ग सुचवीन. कोणताही मार्ग घेतला तरी मोडेमचे स्वतःचे वायफाय बंद करावे, म्हणजे दुसरे नाव नाहीसे होईल आणि प्रिंटरला मेशवर आणावेच लागेल. नव्या मेशला जुन्याच वायफायचे नाव आणि पासवर्ड दिल्यास घरातल्या उपकरणांना काही बदलावे लागत नाही, ही छोटी युक्ती तासभर वाचवते.

कॅमेऱ्याचे दुखणे निराळे आहे, आणि आपण ‘पूर्वीही दिसत नव्हता’ असे लिहिलेत हे फार बरे झाले. मोडेमच्या पानावर इंटरनेटकडचा, म्हणजे वॅन बाजूचा पत्ता पाहावा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या मालिकेतला असेल तर कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देत आहे, आणि बाहेरून येणाऱ्याला आपले दार सापडणे शक्य नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरून आत येण्याची दारे, म्हणजे पोर्ट, कितीही उघडली तरी नाही. यावर कॅमेरा बनवणाऱ्याच्या अॅपमधून, त्यांच्या सर्व्हरमार्गे पाहणे हा सोपा उपाय आहे. स्वतःच्या रेकॉर्डरवर थेट जायचे असेल तर कंपनीकडे स्थिर पत्ता मागावा, त्याचे वेगळे पैसे पडतात.

प्रश्न: ३०० एमबीपीएसची योजना घेतली, पण वेग कधीही ९४ च्या वर जात नाही. पहाटे नाही, मध्यरात्री नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: ९४ हा आकडा पाहिला की मी पुढचे पत्र वाचतच नाही. १०० एमबीपीएसच्या इथरनेट जोडणीतून आवरण-वेष्टणाचा भाग वजा जाता हातात एवढाच वेग पडतो. म्हणजे मोडेमपासून मेशपर्यंत कोठेतरी जोडणी गिगाबिटऐवजी शंभरावर आली आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभराला चारच पुरतात. एखादी तार टोकात नीट बसली नसेल तर उपकरणे तक्रार न करता गुपचूप शंभरावर उतरतात. आधी मोडेम आणि मेश यांना जोडणारी छोटी केबल बदलून पाहावी. तरीही ९४ च राहिले तर मोडेमवरचे सगळे पोर्ट गिगाबिटचे आहेत का हे पाहावे. काही मोडेममध्ये एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे शंभराचे. कंपनीला दोष देण्याआधी लॅपटॉप थेट त्या पोर्टला लावून मोजावे. वायफायवर मोजलेला वेग तक्रारीत पुरावा म्हणून कोणी धरीत नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न: मेश लावले, केबलही टाकली, वेग उत्तम आहे. पण फोनवर बोलत हॉलमधून वर गेले की फोन खालच्याच डब्याला चिकटून राहतो आणि बोलणे तुटते. डबा बदलण्याचे काम मेशचे नाही का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: नाही. मेश सुचवू शकते. डबा कधी सोडायचा हे शेवटी फोनच ठरवतो. अॅपलने आपल्या फोनांसाठी उणे ७० डीबीएम हा उंबरठा जाहीर केलेला आहे, म्हणजे खालच्या डब्याची ताकद तेवढी उतरेपर्यंत फोन दुसऱ्याकडे पाहतही नाही. अन्य फोनांचे उंबरठे वेगवेगळे असतात. आपला खालचा डबा जिन्यात वरपर्यंत क्षीण का होईना पोहोचत असणार, म्हणून फोन त्याला सोडीत नाही. अशा वेळी डब्यांची ताकद वाढवायची नसते, कमी करायची असते. मेशमध्ये प्रक्षेपणाची ताकद ‘मध्यम’ करण्याची सोय असल्यास ती वापरावी. नसल्यास दोन डब्यांतले अंतर वाढवावे. अॅपमध्ये जलद रोमिंग किंवा ८०२.११ के, व्ही, आर अशी निवड दिसेल. के आणि व्ही निर्धास्त चालू करावेत, त्यांमुळे फोनला शेजारच्या डब्यांची यादी आधीच मिळते. आर मात्र चालू केल्यावर जुना प्रिंटर किंवा वायफायचे दिवे जोडले जात नाहीत असा प्रकार होतो. तसे झाल्यास तेवढा बंद करावा.

प्रश्न: आमच्याकडे वीज दिवसातून दोन-तीनदा जाते. इन्व्हर्टर आहे, तरीही वीज गेली की इंटरनेट दोन-तीन मिनिटे बंद पडते. शिवाय विजांच्या दिवसांत हे सगळे साहित्य जळण्याची भीती वाटते. (एक वाचक, यवतमाळ)

उत्तर: इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर वीज तुटते. पंख्याला ते कळत नाही, पण ओएनटी आणि राउटर त्या क्षणात बंद पडून पुन्हा सुरू होतात आणि कंपनीशी नव्याने ओळख पटवायला दोन-तीन मिनिटे घेतात. त्यावर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस हे औषध आहे. तो ओएनटीच्या अॅडॅप्टरच्या जागी बसतो. घेताना अॅडॅप्टरवर छापलेले व्होल्ट, अँपिअर आणि पिनची दिशा जुळवून पाहावी. त्यावर लिहिलेल्या एमएएचच्या आकड्याला भुलू नये, कारण तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ८,८०० एमएएच म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ३२ वॅट-तास. ओएनटी आणि मेशचा मुख्य डबा मिळून १५ वॅट घेत असतील तर गळती धरून दीड-दोन तास मिळतील. आपल्याकडे इन्व्हर्टर मागे असल्यामुळे खरे तर काही क्षणच निभवायचे आहेत, तेव्हा लहानात लहान यूपीएस पुरेल. नोडलाही तो लागेल, हे बरेच जण विसरतात. मुख्य डबा चालू आणि माडीवरचा नोड बंद, असे झाले की पुन्हा तक्रार इंटरनेटचीच होते. घरापासून कंपनीच्या केंद्रापर्यंतच्या वाटेवर प्रकाश अनेक घरांत वाटून देणारे जे स्प्लिटर असतात त्यांना वीज लागत नाही, त्यामुळे गावात अंधार असला तरी केंद्रावर वीज असेपर्यंत फायबर चालू राहते.

विजेच्या कडकडाटाची भीती काही अंशी रास्त आहे. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही, परंतु खांबावरून घरात येणाऱ्या केबलला आधारासाठी बहुधा पोलादी तार असते. ती तार भिंतीबाहेरच हुकाला बांधून तेथेच कापलेली असावी, घरात शिरलेली नसावी; एकदा जाऊन पाहून यावे. उपकरणे जळतात ती बहुतेक वीजपुरवठ्याच्या मार्गाने, म्हणून ढग गडगडू लागले की अॅडॅप्टर काढून ठेवणे उत्तम. घरातून अंगणापलीकडच्या गोठ्यात किंवा गोदामात कॅमेऱ्यासाठी इथरनेट केबल नेली असेल, तर मात्र तो तांब्याचा सरळ रस्ता झाला आणि जवळ वीज पडल्यास दोन्ही टोकांची उपकरणे त्या एका केबलने जातात. दोन इमारतींमध्ये पोलादी आधार नसलेली फायबरच टाकावी. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाचे छोटे डबे बसवावे लागतात, आणि ते काम आपल्याकडे फायबर जोडायला येणारा मुलगाच जोडयंत्र घेऊन अर्ध्या दिवसात करून देतो.